जुनेपणाचा साज आणि छायाचित्राची साक्ष

फोटो दुरुस्त करून देणाऱ्या सेवेचे संकेतस्थळ जुन्या काळाच्या धाटणीत सजवण्याची रीत आता चांगलीच रुळली आहे. पानाला पिवळसर कागदाचा रंग असतो, फोटोभोवती पांढरी किनार असते, कडेने निगेटिव्हच्या रिळाची छिद्रे दिसतात आणि मथळ्याला सिनेमाच्या जुन्या पोस्टरवरची अक्षरे येतात. मधोमध एक सरकपट्टी असते. बोट एका बाजूला नेले की फाटका, डागाळलेला फोटो दिसतो. दुसऱ्या बाजूला नेले की तोच स्वच्छ होतो. हा सगळा आवडीनिवडीचा मामला वाटतो, पण त्याच्या मुळाशी सत्यासंबंधीचा एक फार जुना प्रश्न आहे. काल तयार झालेल्या वस्तूला साठ वर्षांपूर्वीचे रूप देणे म्हणजे खोटे बोलणे का? आणि जी सेवा लोकांच्या आईवडिलांचे, आजीआजोबांचे चेहरे हाताळते, तिच्यावर या बाबतीत इतरांपेक्षा अधिक जबाबदारी येते का?

मोशीत हा प्रश्न पुस्तकी राहत नाही. इंद्रायणीकाठचे हे गाव १९९७ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या हद्दीत आले. पुणे–नाशिक महामार्ग आणि देहू–आळंदी रस्ता येथे एकमेकांना छेदतात. एका अंगाला भोसरीची एमआयडीसी, दुसऱ्या अंगाला चाकणची. नोकरीच्या मागे मराठवाडा, विदर्भ, खानदेशातून आलेली कुटुंबे इथल्या नव्या सोसायट्यांत राहतात. आजोबांचा चौकटीतला फोटो गावाकडच्या घरात भिंतीवरच राहिलेला असतो. मोशीतल्या फ्लॅटमध्ये त्याची मोबाइलवर काढलेली प्रत असते, जरा तिरकी, काचेवर ट्यूबलाइट चमकलेली. वर्षश्राद्ध जवळ आले की ती दुरुस्तीला जाते. सेवेकडे येणाऱ्या माणसाला गेलेला माणूस पुन्हा नीट पाहायचा असतो, आणि संकेतस्थळाची रचना करणाऱ्याने सगळ्यात आधी ध्यानात घ्यायची गोष्ट हीच आहे.

जुनेपणा म्हणून जो साज वापरला जातो तो कशाकशाचा बनतो, हे आधी पाहिले पाहिजे. जुन्या फोटोचा तपकिरी रंग काळाने चढवला, असा समज आहे. तो बऱ्याच अंशी चुकीचा आहे. कृष्णधवल फोटोतली प्रतिमा चांदीच्या सूक्ष्म कणांची असते. दमट हवा आणि हवेतले गंधकयुक्त वायू त्या चांदीला बाधतात व फोटो फिकटतो. म्हणून काही स्टुडिओ फोटो तयार झाल्यावर तो रसायनात बुडवून त्यातल्या चांदीचे सल्फाइड करीत. हे सल्फाइड चांदीपेक्षा टिकाऊ असते आणि रंगाने तपकिरी. रंगाला ऊब येते हाही त्यातला एक हेतू असे. पण सेपिया ही फोटो टिकावा म्हणून घेतलेली काळजीही होती. १९७०च्या दशकातल्या रंगीत फोटोंची गोष्ट वेगळी. त्यांतले निळसर रंगद्रव्य अंधारातही लवकर विरते, म्हणून अल्बममध्ये बंद करून कपाटात ठेवलेले लग्नाचे फोटोसुद्धा लालसर होतात. ती मात्र खरीच झीज आहे. संगणकाला या दोहोंत फरक करण्याचे कारण नसते. ब्राउझरमधल्या सेपिया फिल्टरचे गणित ठरलेले आहे: मूळ लाल रंगाचा ०.३९३ पट, हिरव्याचा ०.७६९ पट आणि निळ्याचा ०.१८९ पट यांची बेरीज केली की नवा लाल रंग मिळतो. हिरव्या आणि निळ्यासाठी असेच दोन हिशेब. यात चांदी नाही, गंधक नाही आणि काळही नाही.

आणखी एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. फोटोतल्या माणसांसाठी तो फोटो जुना कधीच नव्हता. आजी स्टुडिओत रंगवलेल्या पडद्यासमोर, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली, तेव्हा तो पडदा, ती खुर्ची आणि शेजारच्या तिवईवरची कागदी फुले या सगळ्या त्या काळच्या नव्या, मिरवायच्या गोष्टी होत्या. जुनेपण पाहणारा आणि पाहिलेले यांच्यामधल्या अंतरात असते. जुन्या धाटणीचे पान पूर्वजांचे जग दाखवत नाही, आजच्या माणसाची त्या जगाविषयीची ओढ दाखवते. ही ओढ खरी आहे आणि तिला रूप देण्यात काही वावगे नाही.

हे वावगे का नाही, याचे सर्वांत नेमके उत्तर काश्मीरच्या शंकुकाने दिले आहे. नवव्या शतकाच्या सुमारास होऊन गेलेल्या या विचारवंताचा ग्रंथ आज मिळत नाही. अभिनवगुप्ताने नाट्यशास्त्रावरील अभिनवभारती या टीकेत त्याचे मत नोंदवून ठेवले, त्याचे खंडनही केले, आणि त्यामुळेच ते आपल्यापर्यंत पोहोचले. शंकुकाचा प्रश्न असा: रंगमंचावरच्या नटाला प्रेक्षक राम म्हणून पाहतो, ते ज्ञान कोणत्या जातीचे? हा खरोखर राम आहे असे ते यथार्थ ज्ञान नाही. नंतर चूक कळून पुसले जाते असे मिथ्या ज्ञान नाही. राम असेल की नसेल असा संशय नाही, आणि हा कोणी रामासारखा दिसणारा माणूस आहे असे सादृश्याचे ज्ञानही नाही. चित्रातला घोडा पाहून कोणीही सहज 'हा घोडा' म्हणतो. त्याच्यावर बसायला कोणी जात नाही आणि फसवले गेलो म्हणून कोणी रागावतही नाही. यालाच चित्रतुरगन्याय म्हणतात. पिवळसर कागदाचा आभास देणारे पान उघडणारा माणूस हे पान १९५० सालचे आहे असे मानत नाही. साज साज म्हणूनच दिसतो. त्याला असत्य म्हणायचे तर नाटक, चित्र आणि कथा या सगळ्यांनाच असत्य म्हणावे लागेल.

पण हा न्याय एका अटीवर उभा आहे. चित्र हे चित्र आहे, हे पाहणाऱ्याला माहीत असले पाहिजे. ती अट सुटली की काय होते, याचे उदाहरण मोशीच्या वरच्या अंगाला, इंद्रायणीकाठच्याच देहूशी जोडलेले आहे. तुकाराम महाराज सतराव्या शतकातले. त्यांचे छायाचित्र असणे शक्य नाही. १९३६ मध्ये पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीचा दामले-फत्तेलाल दिग्दर्शित 'संत तुकाराम' आला. त्यात विष्णुपंत पागनीस तुकाराम झाले आणि त्यांचा त्या वेषातला चेहरा लोकांच्या मनात इतका ठसला की अनेक घरांत तोच तुकोबांचा म्हणून भिंतीवर लागला. यात कोणी कोणाला फसवले नाही. पडद्याची चौकट गळून पडली आणि प्रतिमा मोकळी झाली, एवढेच. नमस्कार करणाऱ्याचे यात काही बिघडत नाही, कारण त्याचा नमस्कार पागनिसांच्या चेहऱ्यापाशी थांबत नाही. तुकाराम असे दिसत होते, या विधानाला मात्र त्या फोटोचा काडीचाही आधार नाही. एकच प्रतिमा भक्तीच्या कामी पूर्ण उपयोगी आणि पुराव्याच्या कामी पूर्ण निरुपयोगी असू शकते. या दोन कामांची गल्लत करणे हाच या क्षेत्रातला मूळ दोष आहे.

भक्तीला, स्मरणाला चेहऱ्याचे साम्य लागते तरी का? पुणे–लोणावळा लोहमार्गावर मळवली हे छोटे स्थानक आहे. त्याच्या जवळच भाजे लेणी आहेत, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या आसपास कोरलेली. तिथल्या चैत्यगृहात स्तूप आहे. त्या स्तूपावर बुद्धाची मूर्ती कोरलेली नाही. बुद्धाचे स्मरण आकृतीवाचून होत होते. त्याच मळवलीत १८९९ मध्ये राजा रविवर्मा यांचा शिळाछापखाना मुंबईहून हलवण्यात आला. लक्ष्मी आणि सरस्वतीला ठसठशीत मानवी चेहरे देणारी रंगीत चित्रे तिथून घरोघरी गेली. १९७२ मध्ये आगीत तो छापखाना नष्ट झाला. लेणी अजून आहेत. आकृतीशिवायची श्रद्धा आणि आकृतीवर जडलेली श्रद्धा यांचे असे शेजार क्वचितच पाहायला मिळते, आणि यातली एक खरी, दुसरी उणी, असे म्हणण्याला काही आधार नाही.

जैन विचाराने या फरकाची नीट मांडणी केली आहे. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात एखाद्या गोष्टीचा निर्देश करण्याचे चार मार्ग सांगितले आहेत: नाम, स्थापना, द्रव्य आणि भाव. स्थापना म्हणजे 'हे ते आहे' असे एखाद्या वस्तूच्या ठायी मानणे. टीकाकार तिचे दोन भेद करतात. मूळ आकाराशी जुळणारी ती तदाकार, न जुळणारी ती अतदाकार. महाराष्ट्रातल्या देव्हाऱ्यांत दोन्ही शेजारी नांदतात. घरातल्या गेलेल्या कर्त्या पुरुषासाठी केलेला वीराचा चांदीचा टाक सराफाकडच्या ठशावर ठोकलेला असतो. त्यावरचा घोडा, त्यावरचा स्वार, हातातली तलवार या गोष्टी एका घरच्या टाकावर आणि दुसऱ्या घरच्या टाकावर जवळपास सारख्याच. त्या स्वाराचा चेहरा आजोबांसारखा आहे का, असे कोणी विचारत नाही. पूजेत काही कमी पडत नाही. भिंतीवरचा हार घातलेला फोटो हा त्याच आजोबांची तदाकार स्थापना. यातून एक व्यवहारातला निष्कर्ष निघतो आणि तो महत्त्वाचा आहे. फोटो इतका खराब झाला असेल की चेहरा उरलेलाच नाही, तर श्राद्धासाठी काहीही करून चेहरा उभा केलाच पाहिजे, हा आग्रह शास्त्रानेही टिकत नाही आणि परंपरेनेही टिकत नाही. स्मरण चेहऱ्यावाचून होत आले आहे.

मग फोटोची किंमत कशात? तो साक्ष देतो, यात. त्या माणसाच्या अंगावरून परावर्तित झालेला प्रकाश काचेतून आत आला आणि त्याने तिथल्या चांदीवर परिणाम केला. म्हणून फोटो पाहून 'हा माणूस असा होता' असे कळते, ते कार्यावरून कारणाचे अनुमान आहे. न्यायदर्शनात याचे नेहमीचे उदाहरण नदीच्या पुराचे: नदी गढूळ होऊन फुगली, तर वर पाऊस झाला असला पाहिजे. मोशीकरांना हे शिकवावे लागत नाही. इंद्रायणी फुगली की मावळात कोसळतो आहे हे ते ओळखतात. पण न्यायसूत्रांतच यावर आक्षेपही नोंदवला आहे: पाणी कोठे अडवले गेले असेल तरी नदी फुगलेली दिसते, मग अनुमान चुकते. आज तर धरणाचे दरवाजे उघडले तरी नदी फुगते. पूर तसाच दिसतो, कारण वेगळे असते, मध्ये माणसाचा हात आलेला असतो.

संपादित फोटोत नेमके हेच घडते. जेवढ्या भागाला हात लागला, तेवढ्या भागापुरती प्रकाशाची साक्ष संपली. तिथे जे दिसते ते त्या माणसाने मागे ठेवलेले नसून संपादन करणाऱ्याने सांगितलेले आहे. नैयायिकांच्या भाषेत, त्या भागापुरते अनुमान जाऊन शब्दप्रमाण आले. शब्दाने मिळणारे ज्ञान हे काही हलके ज्ञान नाही. आपल्याला जे माहीत असते त्यातले बहुतेक दुसऱ्यांच्या सांगण्यावरूनच माहीत असते. मात्र त्याचे प्रामाण्य सांगणाऱ्यावर अवलंबून असते. जसे आहे तसे सांगणारा तो आप्त. त्याचाच शब्द प्रमाण. फोटो संपादनाच्या सेवेचे सगळे नीतिशास्त्र यात आले. आपण आता केवळ यंत्र चालवत नाही, आपण बोलत आहोत, हे तिला उमगले पाहिजे, आणि आप्तासारखे बोलता आले पाहिजे.

हे काही संगणकाने आणलेले पाप नाही. काचेच्या निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलने बारीक रेघा मारून चेहऱ्यावरचे वण, सुरकुत्या घालवणारे कारागीर एकोणिसाव्या शतकातही होते. फोटोवर हाताने रंग भरून पागोट्याची जर आणि गळ्यातले मोती उठवण्याची कला भारतात तर फारच बहरली. वेगळे झाले आहे ते एवढेच की पूर्वीचा ब्रश ओळखू येई, आजचा येत नाही.

दुरुस्तीचे सगळे प्रकारही एका मापाने मोजता येत नाहीत. चरे, बुरशीचे ठिपके, घडी पडून उमटलेली पांढरी रेघ या गोष्टी त्या माणसाच्या अंगावर नव्हत्या, कागदावर होत्या. त्या काढल्याने फोटो मूळ कारणाच्या जवळच जातो. गेलेला एक डोळा दुसऱ्या डोळ्याची उलटी प्रत लावून भरणे हा अंदाज आहे, पण त्याच माणसाच्या चेहऱ्यावरून केलेला. कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने जे करतात ते याच्याही पुढचे आहे. अंधूक चेहरा एका क्षणात तरतरीत होतो, पापण्यांचे केस मोजता यावेत इतका. ते केस असंख्य परक्या चेहऱ्यांवरून शिकलेल्या यंत्राने घातलेले असतात. घरातली धाकटी मंडळी त्या फोटोला आजोबा म्हणतात, आणि ज्यांनी आजोबांना पाहिले होते त्या आत्याबाई फोटो हातात घेऊन काही वेळ बघत राहतात आणि 'हे कोणीतरी दुसरेच वाटतात' म्हणतात. आत्याबाईंचे म्हणणे अशा वेळी बाजूला सारले जाते. ते ऐकले पाहिजे. तिथे ओळखीचा खरा निकष बोलत असतो.

कृष्णधवल फोटोत रंग भरण्याचा प्रश्न तर तर्कशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात घालावा असा आहे. पूर्वीची ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म लाल रंगाला जवळजवळ आंधळी होती. त्यामुळे लाल वस्तू काळपट उमटत आणि निळ्या वस्तू फिकट. कपाळावरचे कुंकू काळे दिसते ते म्हणून. लुगड्याचा गडद भाग पाहून ते लाल होते असे ठरवावे, तर काळ्या चंद्रकळेचा भागही तितकाच गडद उमटतो. जो हेतू दोन्हीकडे सापडतो त्यावरून एक बाजू सिद्ध होत नाही. नैयायिक त्याला अनैकांतिक हेतू म्हणतात. रंग भरावाच, पण कुटुंबातल्या जाणत्यांना विचारून, आणि भरलेला रंग हा भरलेला रंग आहे असे सांगून. कोणी सांगणारे उरलेच नसेल, तर करडा रंग हाच जास्त प्रामाणिक.

सर्वांत नाजूक मागणी निराळीच असते. आईवडिलांचा एकत्र फोटोच नाही, दोघांचे वेगवेगळे फोटो आहेत, तर जोडफोटो करून द्या. दोघांनी संसार केला हे खरे. ते असे शेजारी बसले होते हे खरे नाही. पहिल्या सत्यासाठी दुसरी कल्पना करायला हरकत नसावी, कारण घरातल्या सगळ्यांना ती कल्पना म्हणून माहीत असते. शंकुकाचा घोडा इथे चालतो. विधवा आईच्या फोटोत कुंकू आणि मंगळसूत्र घालून द्या, ही मागणी मात्र थांबून विचार करण्याजोगी आहे. मुलांची भावना समजण्यासारखी आहे; आईला त्यांनी त्या रूपात आठवायचे आहे. पण ते कपाळ रिकामे होते यामागे एक सामाजिक सक्ती होती. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला तो २०२२ मध्ये, इतक्या अलीकडे. मूळ फोटो टाकून देऊन केवळ नवा ठेवला, तर त्या बाईने जे सोसले त्याची साक्षही नाहीशी होते. नवा फोटो हार घालायला ठेवावा. मूळ फोटो मात्र जपलाच पाहिजे.

आता पुन्हा संकेतस्थळाकडे येता येते, कारण वरच्या विवेचनातून त्याच्या रचनेचे नियम आपोआप निघतात. जुनेपणाचा साज पानापुरता राहावा. ग्राहकाच्या फोटोवर तो त्याने मागितल्याशिवाय चढू नये. सगळ्यात कडक नियम सरकपट्टीला लागू होतो. ती सजावट नाही, ती पुरावा म्हणून मांडलेली असते. पाहणारा मानतो की डावीकडचा फोटो खरोखर असा आला होता आणि उजवीकडचा या सेवेने केला. चांगल्या फोटोवर संगणकाने चरे पाडायचे, डाग उमटवायचे आणि मग तेच काढून 'आधी' व 'नंतर' म्हणून दाखवायचे, हे करणे फार सोपे आहे. तिथे चित्रतुरगन्यायाचा आसरा घेता येत नाही, कारण पाहणाऱ्याला चित्र चित्र म्हणून दाखवलेलेच नसते. हे सरळ असत्य आहे. पानाचा सगळा पिवळा रंग, सगळी पांढरी किनार यांत मिळून नसेल इतके असत्य त्या एका पट्टीत असते. खऱ्या ग्राहकाचा फोटो त्याच्या परवानगीने दाखवावा, किंवा नमुना म्हणून मुद्दाम केलेला असेल तर तसे खाली लिहावे.

साज निवडतानाही विचार हवा. अमेरिकेतल्या उपाहारगृहांचे निऑन दिवे आणि पोलरॉइडच्या चौकटी मोशीच्या ग्राहकाच्या आठवणीतल्या नाहीत. त्याच्या आठवणीत रंगवलेला स्टुडिओचा पडदा आहे, पेंटरने ब्रशने काढलेली दुकानाची पाटी आहे, मळवलीच्या छापखान्याची रंगीत चित्रे आहेत, निर्णयसागर छापखान्याच्या टायपातली पोथी आहे. मराठी जुनेपण तिथून उचलावे. पण मराठी संगणकाच्या जुनेपणातली एक गोष्ट उचलू नये. युनिकोड येण्यापूर्वी श्रीलिपीसारख्या फॉन्टांत लिहिलेला मजकूर दुसऱ्या यंत्रावर अगम्य चिन्हांत दिसे आणि शोधून सापडत नसे. अक्षरांचे वळण जुने असावे, त्यामागची संकेतप्रणाली युनिकोडच असावी. फिक्या कागदावर फिकी तपकिरी शाई देखणी दिसते. पण वेबच्या सुलभतेचे आंतरराष्ट्रीय निकष साध्या मजकुरासाठी अक्षर व पार्श्वभूमी यांच्यात किमान ४.५ ला १ इतका उजेडाचा फरक मागतात. जुने फोटो ज्यांच्याकडे आहेत ती मंडळी वयस्कर असतात. जुन्याचा मान राखणारे पान म्हाताऱ्या डोळ्यांना वाचता येत नसेल, तर तो मान पोकळ आहे.

काम पूर्ण झाल्यावर ग्राहकाला दोन फाइली मिळाल्या पाहिजेत: न बदललेली मूळ स्कॅन प्रत आणि संपादित प्रत. सोबत काय काढले, काय भरले, कोणता रंग कोणाच्या सांगण्यावरून दिला, याची चार ओळींची नोंद असावी. आणि घरच्यांनी फोटो दुरुस्तीला देण्याआधी, आत्याबाई आहेत तोवर, त्याच्या पाठीवर मऊ पेन्सिलने हलक्या हाताने माणसाचे नाव, गाव आणि साल लिहून ठेवावे. बॉलपेन वापरू नये. त्याचा दाब आणि शाई पुढच्या बाजूला उमटतात.